पैनगंगेच्या अलीकडची आघाडी



आपल्या हिंगोलीत रिसाला आहे, घोडे नाहीत. पलटण आहे, शिपाई नाहीत. तोफखाना आहे, आणि तिथे तोफ पाहिलेला माणूस आज हयात नाही. पेन्शनपुरा आहे, सदर बाजार आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते आम्हाला वर्गात विचारायचे, "रिसाला म्हणजे काय रे?" आम्ही एका सुरात सांगायचो, "बाजार, गुरुजी." मग ते खडू खाली ठेवायचे, भूगोलाचे पुस्तक मिटायचे आणि घोडदळाची गोष्ट सुरू व्हायची. आजचे व्याख्यान त्याच तासाचा उरलेला भाग आहे असे समजा. त्यांनी जिथे गोष्ट थांबवली तिथून मी ती पुढे नेण्याचा प्रयत्न करणार आहे.

युद्धाच्या दोन आघाड्या असतात. एक रणांगणावरची. दुसरी घरची, जिला इंग्रजीत होम फ्रंट म्हणतात. माणसे लढायला गेली की मागे शेत कोण करते, धान्य कोणाच्या नावावर जाते, दिव्यात तेल कुठून येते, रुपयाचे काय होते, हा सगळा त्या दुसऱ्या आघाडीचा इतिहास. तो लिहावा असे मला सुचले ते कॅनडाविषयी वाचताना. त्या देशाच्या मध्यभागी मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा असे तीन प्रांत आहेत. तिथल्या सपाट गवताळ मुलखाला प्रेअरी म्हणतात. आपल्या सेनगावच्या माळावर उभे राहिले की आभाळ जमिनीला टेकलेले दिसते. तसे आभाळ तिथे दिवसच्या दिवस आगगाडीच्या खिडकीतून हटत नाही. हा गव्हाचा मुलूख. पहिल्या महायुद्धात इंग्लंडची भाकरी बऱ्याच अंशी याच गव्हावर चालली.

त्या मुलखातल्या बायाबापड्यांनी ती वर्षे कशी काढली याची नोंद विलक्षण बारकाईने ठेवलेली आहे. पत्रे आहेत, गावोगावच्या वर्तमानपत्रांचे अंक आहेत, रेड क्रॉससाठी विणलेल्या मोज्यांचे हिशेब आहेत. १९१७ मध्ये सरकारने गव्हाचा भाव बांधून दिला. १९१६ च्या पहिल्या चार महिन्यांत या तिन्ही प्रांतांत बायकांना मताचा अधिकार मिळाला, कॅनडात सर्वांत आधी. सगळे गोड होते असे नाही. युक्रेनहून आलेल्या हजारो लोकांना शत्रूचे प्रजाजन ठरवून छावण्यांत डांबले. शेतकऱ्यांच्या मुलांना सक्तीच्या भरतीतून सूट देऊ असा शब्द सरकारने दिला आणि एप्रिल १९१८ मध्ये तो मोडला. तेव्हा शेतकरी जथ्याजथ्याने राजधानीत जाऊन धडकले. पण जाऊन धडकायला त्यांना दार होते, हे मला महत्त्वाचे वाटते. आणि आज त्या प्रेअरीतल्या लहानशा गावातही चौकात एक दगडी स्तंभ असतो. त्यावर गेलेल्यांची नावे असतात.

हे वाचून मी पुस्तक खाली ठेवले आणि मनात आले, हीच वर्षे आपल्या कयाधूकाठी, पैनगंगेकाठीही उगवली आणि मावळली. १९१४ आपल्याकडेही होते. १९४३ आपल्याकडेही होते. मग आपली घरची आघाडी कुठे आहे?

आधी त्या रिसाल्याचे सांगतो, थोडक्यात, कारण गुरुजींनी ते पुष्कळांना सांगितलेले आहे. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज होती. १८५३ च्या करारानंतर तिचे नाव हैदराबाद कंटिंजंट झाले आणि तिच्या खर्चासाठी वऱ्हाड प्रांत इंग्रजांकडे गेला. बोलारम, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, एलिचपूर आणि हिंगोली ही तिची ठाणी. वऱ्हाडाच्या सरहद्दीला चिकटलेले म्हणून हिंगोलीचे महत्त्व. ती छावणी होती म्हणून इथे बाजार वाढला, कापसाची पेठ वाढली. नोव्हेंबर १९०२ मध्ये वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने इंग्रजांना दिले गेले आणि पुढच्याच वर्षी कंटिंजंट मोडून तिच्या तुकड्या हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळल्या. छावणी उठली. घोडे गेले, नावे राहिली. म्हणजे १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले तेव्हा हिंगोली हे लष्कर निघून गेलेले लष्करी गाव होते. पेन्शनपुऱ्यातल्या ओसरीवर बसून म्हातारे शिपाई आपल्या जुन्या रिसाल्याच्या बातमीची वाट पाहत असतील, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हटत नाही.

ती बातमी मोठी होती. कंटिंजंटच्या एका जुन्या रिसाल्याचे नाव आता २० वी डेक्कन हॉर्स झाले होते. शीख, जाट आणि दख्खनी मुसलमान असे तिचे घोडेस्वार. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या रानाजवळ या स्वारांनी संध्याकाळच्या उजेडात, उभ्या पिकातून, भाले रोखून हल्ला केला. मशीनगनच्या त्या युद्धात असे दृश्य पुन्हा क्वचितच दिसले. उभ्या पिकातून घोडा घालणे म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरातल्या स्वाराला निराळे सांगायला नको. पीक कोणाचे, हे त्याला ठाऊक नव्हते. पण पीक आहे हे त्याच्या पायांना कळले असणार.

आणि इथे प्रेअरीचा धागा आपल्याशी जुळतो. ही डेक्कन हॉर्स सिकंदराबाद ब्रिगेडमध्ये होती. १९१७ साली सिकंदराबाद ब्रिगेड आणि कॅनेडियन कॅव्हलरी ब्रिगेड एकाच पाचव्या कॅव्हलरी डिव्हिजनमध्ये शेजारी शेजारी होत्या. कॅनेडियन ब्रिगेडमधली फोर्ट गॅरी हॉर्स ही विनिपेगची, म्हणजे मॅनिटोबाच्या गव्हाच्या पेठेची. २० नोव्हेंबर १९१७ ला कांब्रेच्या लढाईत याच फोर्ट गॅरीच्या एका तुकडीने कालवा ओलांडून हल्ला चढवला. एका बाजूला विनिपेगचा स्वार आणि दुसऱ्या बाजूला आपल्या रिसाल्याचा वारस, दोघांचे घोडे एकाच चिखलात. त्यातल्या एकाच्या गावी स्तंभ आहे. दुसऱ्याची आठवण असलीच तर फ्रान्समधल्या नव शापेलच्या स्मारकावर आहे. तिथे थडगे न लाभलेल्या चार हजार सातशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरली आहेत. हिंगोलीहून तिथे जाऊन नाव शोधणारे कोण?

निजाम मीर उस्मान अली खान यांनी या युद्धात इंग्रजांना हात मोकळा सोडून मदत केली. त्यांचे इम्पीरियल सर्व्हिस लान्सर्स सुएझ आणि पॅलेस्टाईनला गेले. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातली एक मूर्ती हैदराबादच्या स्वाराची आहे. १९१८ मध्ये त्यांनी दिलेल्या विमानांवरून इंग्रजांच्या ११० व्या स्क्वाड्रनला हैदराबादचे नाव मिळाले. त्यांना 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' हा किताबही मिळाला. हा पैसा ज्या तिजोरीतून गेला तिच्यात आपल्या तालुक्यांचा सारा जात होता. त्या देण्याला हिंगोलीच्या कुणब्याची संमती कधी कोणी विचारली नाही. तिकडे मुंबईत १० जून १९१८ ला गव्हर्नर विलिंग्डन यांच्या युद्धपरिषदेत टिळक स्वराज्याची अट घालून बोलू लागले, त्यांना बोलू दिले नाही, तेव्हा ते उठून निघून आले. उठून यायला आधी बोलावणे यावे लागते. निजामाच्या मुलखात सभेलाच परवानगी लागे. पुढे 'गश्ती निशाण ५३' या परिपत्रकाने तो फास आणखी आवळला. आज मी इथे कोणाची परवानगी न घेता बोलतो आहे, हेही लक्षात असू द्या.

घरी काय झाले? पहिला धक्का कापसाला बसला. आपला आखूड धाग्याचा कापूस घेणाऱ्यांत जर्मनी होता, आणि तोच आता शत्रू झाला. कापूस पूर्णेच्या फाट्यावरून मनमाडला जायचा, तिथे लहान गाडीतून मोठ्या गाडीत चढायचा आणि मग मुंबईला. मुंबईत भाव पडला की ते दुखणे आपल्या पेठेत उतरायला वेळ लागत नसे. दुसरा धक्का चांदीचा. युद्धात चांदी दुर्मिळ झाली. निजामाचा स्वतःचा रुपया चालत होता, हाली सिक्का. शंभर कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, बरोबर एकशेसोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, हा हिशेब पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या पोरांना पाढ्यासारखा यायचा. १९१८ मध्ये हैदराबाद सरकारने प्रथमच कागदी नोटा काढल्या. ज्या शेतकऱ्याने आयुष्यभर रुपया दगडावर वाजवून घेतला, त्याच्या हातात आता न वाजणारा रुपया आला. बाई पाटल्या मोडायला तयार नव्हती आणि सावकार नोट घ्यायला. युद्ध असे घरात येते, उंबऱ्याशी, पैशाच्या रूपाने.

तिसरा धक्का म्हणजे मानमोडी, इन्फ्लुएंझाची साथ. जून १९१८ मध्ये मुंबई बंदरात उतरलेला हा ताप पावसाळ्याअखेर दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने घरेच्या घरे उलथवली. त्याच वर्षी पाऊस गेला होता. शेतात पीक नाही आणि घरात उठणारा माणूस नाही. मानमोडी हा शब्द वैद्यकाच्या पुस्तकातला नव्हे. मान उचलता येत नव्हती म्हणून लोकांनी तो घडवला. आमच्याकडे अजून शाप देताना तो शब्द ओठांवर येतो. १९११ च्या शिरगणतीत हैदराबाद राज्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३३ लाख होती. १९२१ मध्ये ती १ कोटी २४ लाख भरली. दहा वर्षांत माणसे वाढायची ती नऊ लाखांनी घटली. फ्रान्समध्ये पडलेल्या हिंदी सैनिकांपेक्षा कितीतरी पट अधिक माणसे आपल्या घरच्या आघाडीवर पडली. त्यांना युद्धात मेलेले म्हणायचे की नाही, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो. माझे उत्तर होय असे आहे. तो ताप लष्कराच्या जहाजांबरोबर आला आणि रेल्वेच्या रुळांवरून आत शिरला.

आता दुसऱ्या युद्धाकडे येतो. इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण इथे मला कागदाबरोबर माणसांचे बोलणे मिळाले आहे.

दुसऱ्या युद्धाच्या सुरुवातीला आपल्या खेड्यांना ते दूरचे वाटले. कंटिंजंटच्या जुन्या पायदळ पलटणी १९२२ पासून १९ व्या हैदराबाद रेजिमेंटच्या नावाखाली होत्या, पण त्यांत भरती आता बहुतांश कुमाऊँ, जाट, अहीर अशा उत्तरेकडच्या लोकांची. नाव आपले, माणसे तिकडची. तिची चौथी बटालियन जानेवारी १९४२ मध्ये मलायात स्लिम नदीपाशी जपानी रणगाड्यांखाली चिरडली गेली आणि उरलेली १५ फेब्रुवारीला सिंगापूरच्या शरणागतीत कैद झाली. २७ ऑक्टोबर १९४५ रोजी त्या रेजिमेंटचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले परमवीरचक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मिळाले, ते याच चौथ्या बटालियनचे. हिंगोलीच्या तरुणांना हे माहीत असावे म्हणून सांगितले.

पण घरी युद्ध आले ते ८ मार्च १९४२ ला रंगून पडले तेव्हा. ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला, ब्रह्मदेशाचे रॉकेल थांबले. आपण तांदूळ खाणारे नव्हे. पण तांदूळ खाणाऱ्यांचे पोट कुठून भरायचे, हा प्रश्न सुटेना तेव्हा सगळ्यांची नजर ज्वारीवर गेली. जपान तर आपल्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक होते. १९४१ च्या मध्यावर त्याच्याशी व्यापार बंद झाला आणि त्याच वर्षाअखेर तो शत्रू झाला. एका युद्धात जर्मनी, दुसऱ्यात जपान. आपला आखूड धागा दोन्ही वेळा शत्रूच्या गिरणीशी बांधलेला निघाला.

माझी आजी कळमनुरी तालुक्यातली, पैनगंगेच्या काठच्या गावची. तिने या काळाला कधी महायुद्ध म्हटले नाही. ती म्हणायची 'कंट्रोल'. "कंट्रोलात तुझा बाप जलमला," असे ती सांगायची. कंट्रोल म्हणजे भाव आणि वाटप सरकारच्या ताब्यात. साखर, कापड, रॉकेल, काड्यापेटी. रॉकेल मिळेना म्हणून चिमण्या विझल्या आणि करडईच्या तेलाच्या पणत्या परत आल्या. कापड मिळेना तेव्हा लुगड्यांना दंड घातले गेले. नव्या मुलींना दंड म्हणजे काय ते सांगायला हवे. लुगडे मधोमध झिजले की तो भाग फाडून काढायचा आणि दोन्ही काठांकडचे घट्ट तुकडे एकत्र शिवायचे. आजी सांगायची, दोन जावांत बाहेर नेसायचे एकच धड लुगडे होते. एक बाजाराला गेली की दुसरी घरात. त्या बाईला आघाडीचे नाव माहीत नव्हते, पण ती आघाडीवरच होती. १९४३ मध्ये तांबे वाचवण्यासाठी इंग्रजांनी मधोमध भोक पाडलेला पैसा काढला. तो नदीपलीकडच्या बाजारातून इकडे यायचा, आणि पोरे तो करदोऱ्यात ओवून कमरेला बांधायची.

या सगळ्यावर कडी केली लेव्हीने.

हैदराबाद सरकारने शेतकऱ्याकडून सक्तीने धान्य घेण्याचा कायदा लावला. जमिनीच्या मानाने धान्य ठरायचे, पीक आले की नाही हे नंतर. भाव सरकारचा, तो बाजारापेक्षा कमी. मोठे देशमुख आणि जमीनदार पटवाऱ्याला हाताशी धरून आपला आकडा हलका करून घेत. पाच-दहा एकरवाला मात्र पुरा भरडला जाई. कित्येकांवर अशी वेळ आली की लेव्हीचे धान्य भरायला त्यांनी बाजारातून चढ्या भावाने ज्वारी विकत घेतली आणि सरकारला पडेल भावाने दिली. शेतकऱ्याने धान्य विकत घेऊन सरकारला विकायचे, यापेक्षा उलटी गोष्ट मी ऐकलेली नाही. तेलंगणात या लेव्हीने जो असंतोष पेटवला त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठवाड्यातली लेव्ही मात्र आपण पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीवर सोडून दिली.

फसली १३५२ चा हंगाम, म्हणजे १९४२-४३ चा. आमच्या पणज्याकडे दोन पेवे होती. पेव म्हणजे गावच्या पांढरीत खणलेला, आत पोट सुटलेला खड्डा. तळाला आणि भिंतींना कडबा लावायचा, आत ज्वारी ओतायची, वरून भुसा, मग माती आणि शेण. नीट लिंपलेल्या पेवात ज्वारी वर्षे टिकते. उघडताना मात्र तोंड मोकळे करून एक दिवस थांबावे लागते, आतल्या कोंडलेल्या हवेने माणूस मरतो. दुष्काळाचा विमा म्हणून शेकडो वर्षे आपल्या लोकांनी ही पेवे भरली. लेव्हीसाठी आलेल्या माणसांना नेमके तेच हवे होते. ते हातात लोखंडी सळई घेऊन अंगणे, गोठे, परसदारे टोचत फिरत. माती भुसभुशीत लागली की तिथे उकरत. पणज्याचे एक पेव निघाले. पुढच्या दारचे. गाडीवर गाडी भरली आणि ज्वारी गेली. आजी तेव्हा नवी सून, कडेवर लेकरू. ती म्हणायची, "गाडीमागं कोंबड्या पळत व्हत्या, सांडलेलं दाणं टिपत. आमाला टिपायला बी लाज वाटली."

दुसऱ्या पेवाबद्दल शेवटी सांगतो.

याच काळात कॅनडाच्या प्रेअरीवर काय चालले होते पाहा. युरोपच्या बाजारपेठा बंद झाल्याने तिथे गहू इतका साचला की कोठारे ओसंडली. १९४१ मध्ये कॅनडा सरकारने गव्हाचे क्षेत्र कमी करण्याची योजना काढली आणि गहू न पेरणाऱ्या शेतकऱ्याला पैसे दिले. न पेरण्याचे पैसे. आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये लोक रस्त्यावर मरत होते, सुमारे तीस लाख माणसे गेली. त्या नोव्हेंबरात कॅनडाचे पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी एक लाख टन गहू देऊ केला. चर्चिल यांनी जहाजे नाहीत म्हणून तो नाकारला. प्रेअरीच्या शेतकऱ्याने गहू द्यायला हात पुढे केला होता, हे आपण कृतज्ञतेने लक्षात ठेवले पाहिजे. पण तो गहू पोचला नाही, आणि पैनगंगाकाठी सळईने अंगणे टोचली गेली. या दोन गोष्टी मला एकाच पानावर लिहाव्याशा वाटतात. एका साम्राज्याच्या एका टोकाला धान्य जास्त झाले म्हणून दुःख, दुसऱ्या टोकाला धान्य आहे म्हणून शिक्षा.

नदीचे म्हणाल तर पैनगंगा ही त्या वर्षांत खरोखरच आघाडी होती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे वऱ्हाड, इंग्रजांचा मुलूख. अलीकडे हाली, पलीकडे कलदार. मधे करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके. दोन्हीकडे कंट्रोल, पण भाव वेगळे, नियम वेगळे. जिथे भाव वेगळा तिथे रात्र जागी होते. उन्हाळ्यात नदी पायउतार झाली की डोक्यावर पायली-दोन पायली घेऊन माणसे उमरखेड, पुसदकडे जात, तिकडून कापड, रॉकेल घेऊन परतत. कायद्याच्या भाषेत ती चोरटी वाहतूक. आजीच्या भाषेत ते 'नदीपल्याड जाणं'. लेकराला काविळीत साखर हवी म्हणून नदी ओलांडणाऱ्या बाईला मी चोर म्हणायला तयार नाही.

इथे मला माझे खरे म्हणणे मांडायचे आहे. मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगताना आपण स्वामी रामानंद तीर्थ सांगतो, १९३८ चा सत्याग्रह सांगतो, बंदी घातलेली स्टेट काँग्रेस सांगतो, १७ सप्टेंबर १९४८ सांगतो. ते सांगितलेच पाहिजे. पण १९४७-४८ च्या लढ्याचा कार्यक्रम एकदा वाचा. करोडगिरी नाके मोडा, शिंदीची झाडे तोडा, लेव्ही देऊ नका. यातला 'लेव्ही देऊ नका' कुठून आला? तो नेत्यांच्या डोक्यातून आला नाही. चार-पाच वर्षे अंगणात टोचलेल्या सळईतून तो आला. नदीपलीकडे उमरखेडला लढ्याचा कॅम्प होता, तिथे जे तरुण नदी ओलांडून जमले, त्यांना ती नदी रात्री कुठे पायउतार आहे हे महायुद्धाच्या वर्षांनी शिकवले होते. भाषणे ऐकून जेवढे लोक लढ्यात आले, त्याहून जास्त लोक रिकामे पेव पाहून आले असे माझे मत आहे. माझ्याशी कोणी वाद घातला तर मला आनंद होईल, कारण तेवढ्यासाठी तरी त्या वर्षांचे सरकारी दप्तर उघडेल.

दप्तर आहे. तहसिलींचे उर्दू कागद, पटवाऱ्यांची मोडीतली वह्या-पत्रके, फसली सन आणि अमरदाद, शहरेवर अशा महिन्यांच्या तारखा. आपल्यात उर्दू वाचणारे आहेत, मोडी शिकवणारे आहेत. त्यांना एका खोलीत बसवणे एवढेच करायचे आहे. आणि माणसांचे म्हणाल तर तिथे वेळ अगदी थोडा आहे. १९४३ मध्ये दहा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदी ओलांडून गेलेली आहे. ज्यांच्या घरी अशी कोणी असेल त्यांनी आज रात्री तिच्याजवळ बसावे. महायुद्ध असे विचारू नका. तिला ते समजणार नाही. कंट्रोल विचारा, लेव्ही विचारा, लुगडे विचारा.

आता ते दुसरे पेव.

पणज्याने ते परसात, उकिरड्याखाली खणले होते. सळई तिथे कोणी घातली नाही. लेव्हीची माणसे पुन्हा येतील या धाकाने त्याने ते उघडूही दिले नाही. घरात भाकरी पातळ होत गेली, शेजारून उसने पीठ आणले, पण त्याचे म्हणणे एकच, आत्ता उघडले तर गावाला कळेल. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडी तो तापाने गेला. घरातल्या कर्त्यांनी वर्षभराने पेव उघडायला घेतले तर उकिरड्याचे पाणी आत उतरलेले. वास आल्यावर त्यांनी ते तसेच बुजवले.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आम्ही तिथे न्हाणीघर बांधायला काढले. गवंड्याची पहार खोल गेली आणि काळा, चिकट, मातीसारखा थर वर आला. त्यात कडब्याच्या धांड्यांचे ठसे होते. आजी तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढची. तिला दिसत कमी होते. तिने बाजेवरून हात पुढे केला, मी त्यातले मूठभर तिच्या तळहातावर ठेवले. तिने ते नाकाशी नेले, बोटांत चुरले, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

"ही न्हाई सापडली त्यांना. आमाला बी न्हाई सापडली."